आईच्या हिरड्यांची साल निघते, आठ महिने झाले. पुन्हा तुकडा काढू द्यावा का?

केतकी_हडपसर

नमस्कार. प्रश्न आईचा आहे. ती ५६ वर्षांची, कराडजवळच्या गावात अंगणवाडी सेविका. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखू नाही, मिश्री नाही. (आजी मिश्री लावायची, आईने कधी लावली नाही. प्रत्येक डॉक्टर हे विचारतो म्हणून आधीच सांगते.)

जूनमध्ये पेरणीच्या गडबडीत ती बाबांना म्हणाली, या वेळी मिरची कुठली आणली, ठेचा फार झोंबतोय. मिरची नेहमीचीच होती. जुलैत ब्रश करताना रक्त यायला लागलं. ओळखीच्या दंतवैद्यांनी पायोरिया सांगून दात साफ केले. पंधरा दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा साफ केले, ऑक्टोबरमध्ये तिसऱ्यांदा. मध्ये मेट्रोनिडॅझोलचे दोन कोर्स, बी-कॉम्प्लेक्स, क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या. गुळण्यांनी दातांवर तपकिरी डाग पडले आणि आग वाढली. शेजारच्या काकूंनी तुरटी आणि हळद सांगितली. चार दिवस तिने मनापासून केलं, पाचव्या दिवशी तिला साधं पाणीसुद्धा पिववेना.

दिवाळीत मी घरी गेले तेव्हा बॅटरी लावून नीट बघितलं. वरच्या पुढच्या दातांवरची हिरडी लालभडक, ओली, चकचकीत. दाताला लागून असलेली बारीक कड त्या मानाने बरी होती, तिच्या वरचा सगळा पट्टा सोलल्यासारखा. बोटाला मऊ कापड गुंडाळून हलकंच पुसलं तर कांद्याच्या आतल्या पातळ पडद्यासारखा पांढुरका पापुद्रा कापडाला चिकटून आला. दात एकही हलत नाही. तोंडाला वास नाही. सगळ्यांसाठी चकल्या तिनेच केल्या, आणि स्वतः एक चकली चहात भिजवून, चमच्याने खाल्ली. तेव्हापासून मला चैन नाही.

नोव्हेंबरमध्ये शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये दातांचं हाड चांगलं दिसलं, तरी चारही भागांची हिरडीची शस्त्रक्रिया सुचवली, ३२ हजार खर्च सांगितला. मी बायोप्सीचा आग्रह धरला तेव्हा एक तुकडा काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय ‘अल्सर, नॉनस्पेसिफिक क्रॉनिक इन्फ्लमेशन’. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर नाही, निर्धास्त राहा. आईने तेवढंच ऐकलं आणि विषय मिटवला.

जानेवारीत गालाच्या आतूनही एक जागा सोलली. आता पुण्यातल्या एका हिरड्यांच्या तज्ज्ञ बाईंनी बघून सांगितलं की हा डेस्क्वामेटिव्ह जिंजिव्हायटिस आहे, मागे ऑटोइम्यून आजार (शरीर स्वतःवरच उलटतं तसा) असावा, बायोप्सी पुन्हा करू. आई म्हणते, "एकदा कापलं, त्यात काही निघालं नाही. परत कशाला कापायचं?" माझ्याकडे याचं उत्तर नाही. नुसत्या रक्ताच्या तपासणीवर भागणार नाही का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

माई_चिपळूण

केतकी, मी ६३ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. तुझं लिहिलेलं वाचताना माझीच वही कुणीतरी वाचून दाखवतंय असं वाटलं. मला म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड आहे, म्हणजे तोंड, डोळे अशा ठिकाणच्या आतल्या ओल्या अस्तराचा ऑटोइम्यून आजार. निदान व्हायला १४ महिने लागले. त्या १४ महिन्यांत माझ्या उजव्या डोळ्याचं जे नुकसान झालं ते आता भरून येणार नाही. म्हणून सविस्तर लिहिते, तू आईला वाचून दाखव.

पहिली गोष्ट. डेस्क्वामेटिव्ह जिंजिव्हायटिस म्हणजे ‘हिरडीची साल सुटते’, एवढंच. ताप आलाय म्हणण्यासारखं आहे ते. ताप मलेरियाचा की टायफॉइडचा हे रक्तावरून कळतं, तसं हिरडी का सोलतेय हे तुकड्यावरून कळतं. बहुतेक वेळा मागे तिघांपैकी एक असतो: लायकेन प्लॅनस, पेम्फिगॉइड किंवा पेम्फिगस. तोंडात बघताना तिन्ही सारखेच दिसू शकतात. पण एकात वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं असतं, एकात डोळे सांभाळायचे असतात, आणि एकात उशीर झाला तर जिवावर बेततं. म्हणून "ऑटोइम्यून असेल, मलम लावा" इथे थांबू नका.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. तिला विचार, तुकडा कुठून काढला होता? माझाही पहिला तुकडा भर जखमेच्या मधून काढला होता. डॉक्टरांना वाटलं, जिथे जास्त लाल तिथे आजार जास्त. पण जखमेच्या मध्यावर वरची साल उरलेलीच नसते, आणि सगळी खूण त्या सालीत आणि ती खाली जिथे चिकटते त्या रेषेत असते. साल नसलेला तुकडा कितीही मोठ्या लॅबला पाठवा, ते बिचारे ‘अल्सर, सूज’ याखेरीज काय लिहिणार? तुमच्या रिपोर्टातला पहिलाच शब्द अल्सर आहे. त्या तुकड्याने आजार नाही असं सांगितलेलं नाही, त्याला विचारायचा प्रश्नच कुणी विचारला नाही.

माझा दुसरा तुकडा बरोबर जागेवरून काढला, जखमेच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या हिरडीतून. पण तो सगळाच्या सगळा फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला. चार दिवसांनी लॅबमधून फोन आला की इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या रंगांची तपासणी) करायचं होतं तर फॉर्मेलिन चालत नाही. म्हणजे तोही वाया. मी त्या दिवशी रडले. दोष कुणावर ढकलायचा म्हणून सांगत नाही, पण हे आधी ठाऊक असतं तर मी खुर्चीत बसण्यापूर्वीच विचारलं असतं, "डॉक्टर, बाटल्या दोन आहेत ना?"

तिसऱ्यांदा एका तरुण डॉक्टरीण बाईंकडे गेले. त्यांनी आधी नुसती हवेची फुंकर मारली, दात वाळवायची जी नळी असते तिने, आणि आरशात मला दाखवलं. हिरडीवर साल फुगून वर आली होती, दुधावरची साय हलावी तशी. त्या म्हणाल्या, "ताई, हा पायोरिया नाही." त्यांनी पुण्याच्या लॅबमधून मिशेल नावाच्या द्रावणाची छोटी बाटली आधी मागवून घेतली, मगच तारीख दिली. दोन तुकडे काढले, एक फॉर्मेलिनमध्ये, एक मिशेलमध्ये. अगदी हळू काम चाललं होतं, कारण अशा हिरडीत पाते फिरवताना साल तिथल्या तिथे सुटते आणि हातात नुसतं खालचं मांस येतं. दोन टाके पडले, आठवडाभर पेज खाल्ली. दुखणं दाढ काढण्यापेक्षा कितीतरी कमी होतं, हे आईला नक्की सांग. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी ती बाटली शर्टाच्या खिशात ठेवून सकाळच्या एसटीने कुंभार्ली घाटातून पुण्याला नेली. बर्फ लागत नाही, गोठवायचं तर अजिबातच नाही.

दहा दिवसांत उत्तर मिळालं. सालीच्या तळाशी, जिथे ती खालच्या थराला चिकटते तिथे, हिरवी चमकणारी सरळ रेघ. आयजीजी आणि सी३, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीची प्रथिनं, तिथे साचलेली. पेम्फिगॉइड.

आणि मग डॉक्टरीण बाईंनी विचारलं, डोळ्यांना काही त्रास? गेले सहा महिने उजवा डोळा खुपायचा, लाल व्हायचा. चष्म्याच्या दुकानाशेजारच्या डॉक्टरांकडून ॲलर्जीचे थेंब आणून घालत होते. हिरड्यांचा आणि डोळ्याचा संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांनी दुसरीकडचं विचारलं नव्हतं. तपासलं तेव्हा खालच्या पापणीच्या आत दोरीसारखा पडदा तयार होऊन पापणी बुबुळाकडे ओढली गेली होती. पापणीचे केस आत वळून रोज बुबुळावर घासत होते. औषधांनी ते वाढायचं थांबलं, पण झालेला व्रण तसाच राहिला.

मला डॅप्सोन दिलं. त्याआधी जी६पीडी नावाची रक्ततपासणी करतात, ती झाल्याशिवाय गोळी सुरू करू नये, आणि नंतर हिमोग्लोबिन सारखं बघावं लागतं. हीच गोळी कुष्ठरोगातही देतात. औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी वाचून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरले नाही. तुमच्या वाट्याला असं आलं तर आईच्या कानावर आधीच घाल, म्हणजे ती गोळी अर्धवट सोडणार नाही. हिरड्यांसाठी माझ्या दातांच्या मापाचा मऊ प्लास्टिकचा साचा करून दिलाय. त्यात आतून क्लोबेटासोल नावाचं स्टिरॉइड मलम लावून दिवसातून दोनदा २० मिनिटं तो बसवते. त्याने बुरशी येऊ शकते, म्हणून तेही अधूनमधून तपासून घेते.

दात साफ करणं वाईट नव्हतं, बरं का. कीटण साचलं तर ही हिरडी जास्तच चिडते, मी आजही दर तीन महिन्यांनी साफ करून घेते. त्या पहिल्या दंतवैद्यांनी जे केलं ते चुकीचं नव्हतं. तिसऱ्यांदाही गुण येत नाही म्हटल्यावर वेगळा विचार व्हायला हवा होता, एवढंच.

तोवर स्टिरॉइडची गोळी किंवा पेस्ट कुणी हातात दिली तर तुकडा काढणाऱ्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आधी स्टिरॉइड पोटात गेलं की खुणा पुसट होतात. आणि आज संध्याकाळी आईला फोन करून विचार: डोळे खुपतात का, गिळताना अडकतं का, आवाज बसलाय का, नाकातून खपल्या येतात का, अंगावर कुठे फोड. तिने आपण होऊन सांगितलं नसणार.

स्लाइडघर

मी मुखविकृतिशास्त्रात काम करतो, म्हणजे माई ज्या बाटल्यांबद्दल लिहितायत त्या माझ्या टेबलावर येतात. त्यांनी इतकं अचूक लिहिलंय की मी फक्त रक्ततपासणीच्या प्रश्नाला उत्तर देतो.

पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. हे प्रथिन सालीतल्या पेशी एकमेकींना धरून ठेवतं. डेस्मोग्लीन ३ आणि १ ची एलायझा तपासणी रक्तावर होते, ती चांगली आहे आणि पुढे उपचार लागू पडतोय का हे बघायलाही उपयोगी पडते. पण तोंडापुरत्या पेम्फिगॉइडमध्ये रक्तातली प्रतिपिंडं इतकी कमी असतात की तपासणी अनेकदा कोरी येते. लायकेन प्लॅनससाठी तर अशी रक्ततपासणीच नाही. म्हणजे रक्तात सापडलं तर उत्तम, नाही सापडलं तर काहीच सिद्ध होत नाही. तुकड्याला पर्याय नाही.

दोन बाटल्या का, तेही सांगतो. फॉर्मेलिनमधल्या तुकड्यावर साल कुठल्या मजल्यावर फाटली ते दिसतं. पेम्फिगसमध्ये फूट सालीच्या आतच पडते आणि सर्वांत खालच्या पेशी जमिनीला धरून एका ओळीत उभ्या राहतात. पेम्फिगॉइडमध्ये अख्खी साल तळापासून उचलली जाते. लायकेन प्लॅनसमध्ये सालीखाली लिम्फोसाइट पेशींचा जाड पट्टा असतो. मिशेलमधल्या तुकड्यावर आम्ही चमकणारे रंग जोडलेली प्रतिपिंडं टाकतो. पेम्फिगसमध्ये पेशींच्या भोवती मासे धरायच्या जाळ्यासारखी नक्षी उजळते, पेम्फिगॉइडमध्ये माईंनी लिहिलेली सरळ रेघ, आणि लायकेनमध्ये फायब्रिनोजेनचा फाटक्या काठासारखा पट्टा. पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड हे दोन आजार वेगळे आहेत हे वॉल्टर लीव्हर यांनी १९५३ मध्ये दाखवलं, आणि पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं बॉयटनर आणि जॉर्डन यांनी १९६४ मध्ये. लीव्हर यांच्याआधी या दोन्हींना बहुधा पेम्फिगसच म्हणत.

मिशेलचं द्रावण मिळालंच नाही तर नॉर्मल सलाइनमध्ये ठेवून एका दिवसात लॅबला पोचवलं तरी चालतं. गावातल्या डॉक्टरांना हे जरूर सांगा. आणि एक विनंती आहे. फॉर्मवर नुसतं ‘हिरडीची बायोप्सी’ लिहून पाठवू नका. किती महिने त्रास आहे, गालात जखम आहे का, डोळे, कातडी, चालू औषधं, सगळं लिहा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या काही गोळ्यांनी, सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनीसुद्धा लायकेनसारखंच चित्र दिसतं. ते मला स्लाइडवरून ओळखता येत नाही, कागदावरून येतं.

जुन्या पहिल्या तुकड्याची स्लाइड आणि ब्लॉकही (मेणात बसवलेला उरलेला तुकडा) मागून घ्या. कडेला कुठे सालीचा तुकडा उरला असेल तर पुन्हा बघता येईल. तो तुमचा हक्क आहे, लॅब देते.

प्रकाश_सोलापूर

माझं वेगळं निघालं, म्हणून लिहितो. दीड वर्ष अशाच लाल हिरड्या होत्या. तुकडा काढला, इम्युनोफ्लुरोसन्स कोरं आलं, स्लाइडवर प्लाझ्मा पेशींचा थर. डॉक्टरांनी तोंडात जाणाऱ्या एकूण एक वस्तूची यादी करायला सांगितली. दालचिनीच्या स्वादाची टूथपेस्ट आणि दिवसभर चघळायचं च्युइंगम, दोन्हीत तोच स्वाद. दोन्ही बंद केलं, स्वाद नसलेली, फेस न होणारी पेस्ट घेतली, सहा आठवड्यांत हिरड्या गुलाबी झाल्या. ताईंच्या आईचं गालापर्यंत गेलंय म्हणजे माझ्यासारखं नसावं. पण पेस्ट आजच बदला, त्यात नुकसान काही नाही, आग तरी कमी होईल.

केतकी_हडपसर

पाच आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांची क्षमा मागते.

माईंचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरांचं वजन घेताना काटा हलत असला तर आपण तो आकडा लिहीत नाही, परत घेतो. तसंच ना हे?" मला इतके दिवस जे सांगता येत नव्हतं ते तिने स्वतःच सांगितलं. दुसऱ्या शनिवारी बाबा तिला घेऊन पुण्याला आले.

दोन बाटल्या होत्या. मी आधी फोन करून विचारलं होतं. या वेळी एक तुकडा गालातल्या जखमेच्या कडेपासून थोडा दूर घेतला आणि एक हिरडीतून. फॉर्मवर स्लाइडघर यांनी सांगितलेलं सगळं डॉक्टरांनी माझ्यासमोर लिहिलं.

रिपोर्ट पेम्फिगस व्हल्गॅरिसचा आला. जाळीसारखं आयजीजी आणि सी३. रक्तात डेस्मोग्लीन ३ खूप जास्त, १ किंचित वाढलेलं. नाव ऐकून मी हादरले. आई मात्र म्हणाली, "बरं झालं, काहीतरी आहे. मला वाटायला लागलं होतं की मीच उगाच करतेय." आठ महिने ती असा विचार करत होती, आणि आम्हाला कुणाला कळलं नाही.

आता त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार सुरू आहेत. छातीचा एक्स-रे, टीबी, हिपॅटायटिस बी, साखर, सगळं तपासून मग प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड वजनाच्या हिशोबाने सुरू केलं. पुढे रिटुक्सिमॅब (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी कमी करणारं औषध) द्यायचं का यावर पुढच्या भेटीत बोलणार आहेत. बारा दिवस झाले. काल तिने वरणभातात लिंबू पिळून खाल्लं.

स्लाइडघर

वाचून समाधान वाटलं. आजार गंभीर आहे, तो तसा नाही असं मी म्हणणार नाही. स्टिरॉइड येण्याआधी यातले बहुतेक रुग्ण दगावायचे. पण आपल्याकडे या आजाराचा अनुभव मोठा आहे. १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी यासाठी पल्स थेरपी बसवली, दर २८ दिवसांनी तीन दिवस शिरेतून औषध, आणि देशभरच्या त्वचारोग विभागांनी ती वापरली. रिटुक्सिमॅबला अमेरिकेत पेम्फिगससाठी २०१८ मध्ये मान्यता मिळाली. प्रेडनिसोलोन मनाने एक दिवसही बंद करू नका, बरं वाटलं तरी.

माई_चिपळूण

केतकी, आईला माझा नमस्कार सांग. लिंबाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

एक विचारते. पेम्फिगसमध्ये तोंड बहुतेकदा आधी येतं आणि कातडी नंतर. डॉक्टरांनी पाठ, छाती बघितली असेलच. पण डोक्यात बघितलं का? दाट केसांत फोड येऊन फुटतो आणि बाईमाणूस त्याला कोंडा समजते. माझ्याबरोबर ओपीडीत बसणाऱ्या एका बाईंचं तसंच झालं होतं. भांग पाडून, उजेडात, मागच्या बाजूने बघ. बेंबी आणि स्तनांखालची जागाही. तिला लाजायला होईल, तूच बघ.

केतकी_हडपसर

माई, रात्री तेल लावायच्या निमित्ताने बघितलं. उजव्या कानामागे, केसांत, आठ आण्याएवढी ओली खपली आहे. ती म्हणाली, फणी लागली असेल, पंधरा दिवस झाले. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. मंगळवारची वेळ होती, त्यांनी उद्या सकाळीच बोलावलंय.